‘एचआयव्हीचा इलाज दडवून ठेवलाय’ : त्या मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. तिघांनी निव्वळ ‘हे खरं आहे का?’ एवढं विचारलं होतं. चौथीने मात्र खाली लिहिलं होतं, “ताई, असं असेल तर मी गोळ्या थांबवू का?” ती अकरा वर्षं एचआयव्हीसह जगते आहे. अकरा वर्षांत तिने गोळी चुकवलेले दिवस बोटांवर मोजता येतील. तिला मी त्याच मिनिटाला फोन केला. पण तो मेसेज वाचून कुणालाही न विचारता गोळ्यांची बाटली कपाटात सरकवून ठेवणारेही असतील, आणि त्यांना फोन करायला माझ्याकडे नंबर नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

मेसेज थोडक्यात असा : “एचआयव्हीवर इलाज केव्हाच सापडला आहे. जगात सात जण पूर्ण बरे झालेत, पण ही बातमी दाबली जाते. कारण रोजची गोळी विकण्यातच कंपन्यांचा फायदा आहे. इलाज शोधण्याच्या नावाखाली रुग्णांच्या औषधपाण्याचा पैसा उधळला जातोय. आता तर जीन एडिटिंग आलंय, एका इंजेक्शनात विषाणू कापून बाहेर. तेव्हा गोळ्यांचं विष पोटात घालू नका. रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही म्हणजे तुम्ही बरेच झालात.”

आधी दोन शब्द वेगळे करते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. विषाणूला रोज दाबून ठेवणारं औषध आपल्याकडे आहे, त्याला मी इथे ‘उपचार’ म्हणते. औषध बंद केल्यावरही विषाणू परत येणार नाही अशी अवस्था म्हणजे ‘इलाज’. पहिलं १९९६ पासून हातात आहे. दुसऱ्याचा शोध चालू आहे.

“इलाज सापडलाय, सात जण बरे झालेत, पण बातमी दाबली जाते”

माणसं बरी झाली हे खरं आहे. दाबलं जातंय हे खोटं आहे, आणि ‘इलाज सापडलाय’ हे तर त्या माणसांनी काय सोसलं ते न वाचता लिहिलेलं वाक्य आहे.

पहिला माणूस टिमथी रे ब्राउन. बर्लिनमध्ये राहणारा अमेरिकन. १९९५ मध्ये त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं, २००६ मध्ये रक्ताचा कर्करोग झाला. गेरो ह्युटर नावाच्या डॉक्टरांनी त्याच्यासाठी रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचा दाता शोधताना एक जास्तीची अट घातली. एचआयव्ही आपल्या पेशीत शिरतो तो बहुतेक वेळा सीसीआर५ नावाच्या दारातून. काही मोजक्या लोकांमध्ये आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून, एक बदललेलं जनुक येतं आणि पेशींवर हे दारच तयार होत नाही. ह्युटर यांनी असा दाता मिळवला. २००७ मध्ये प्रत्यारोपण झालं. कर्करोग उलटला म्हणून २००८ मध्ये पुन्हा एकदा झालं. गोळ्या बंद होत्या आणि विषाणू परत आला नाही.

आता ‘दाबलेली बातमी’ कुठे कुठे आली ते पाहा. २००८ च्या वैद्यकीय परिषदेत ती मांडली गेली. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. नंतर ब्राउनने स्वतःहून आपलं नाव जाहीर केलं आणि उरलेलं आयुष्य इलाजाच्या संशोधनासाठी बोलण्यात घालवलं. बरा झालेला आपण एकटेच राहू नये, असं तो म्हणत असे. पुढे २०१९ मध्ये लंडनचा अॅडम कॅस्टिलेयो, मग ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, जिनिव्हा, आणि २०२४ मध्ये बर्लिनचाच दुसरा एक रुग्ण. प्रत्येक वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांत मथळे झळकले. मेसेज लिहिणाऱ्याला ‘सात’ हा आकडा मिळाला तोही तिथूनच.

मग हा मार्ग सगळ्यांना का देत नाहीत? या सगळ्यांना कर्करोग किंवा तसाच जीवघेणा रक्ताचा आजार होता आणि त्यासाठीच प्रत्यारोपण झालं होतं. प्रत्यारोपणाआधी औषधांनी किंवा किरणांनी माणसाची अस्थिमज्जा जवळजवळ संपवावी लागते. ते दिवस साध्या जंतुसंसर्गानेही जाण्याचे असतात. नव्या पेशी रुजल्या तरी त्या कधी कधी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उलटतात. दुसऱ्याच्या पेशी घेऊन केलेल्या अशा प्रत्यारोपणात आजार बाजूला ठेवला तरी निव्वळ उपचारापायी शंभरात दहा-वीस माणसं दगावू शकतात. ब्राउनला दुसऱ्या प्रत्यारोपणानंतर भ्रम झाला, दृष्टी जाते की काय अशी वेळ आली, पुन्हा चालायला शिकावं लागलं. ज्याला कर्करोगच मारणार आहे त्याच्यासाठी हा धोका घेण्यासारखा असतो. जो माणूस एक गोळी घेऊन कामावर जातो, त्याला हे सुचवणारा डॉक्टर आपलं काम विसरला असं मी म्हणेन.

आणि एवढं करूनही खात्री नाही. बोस्टनमधल्या दोन रुग्णांना साध्या, म्हणजे दार उघडं असलेल्या दात्यांच्या पेशी दिल्या होत्या. विषाणू सापडेना म्हणून गोळ्या थांबवल्या. एकाला बारा आठवड्यांनी आणि दुसऱ्याला बत्तीस आठवड्यांनी विषाणू परत आला. जर्मनीतल्या एका रुग्णाला दार नसलेल्याच पेशी मिळाल्या होत्या, तरी काही आठवड्यांत विषाणू दुसऱ्या, सीएक्ससीआर४ नावाच्या दारातून आत आला. दुहेरी बदल असलेले लोकही फार थोडे : उत्तर युरोपीय वंशात शंभरात एखादा, आफ्रिका आणि आशियात जवळजवळ नाहीतच. एचआयव्हीसह जगणारी बहुतेक माणसं मात्र तिथेच आहेत.

तरीही या सात जणांनी विज्ञानाला जे दिलं ते फार मोठं आहे. जिनिव्हाच्या रुग्णाला दार उघडं असलेल्याच पेशी मिळाल्या होत्या, तरी तो बरा राहिला. बर्लिनच्या दुसऱ्या रुग्णाच्या दात्याकडे बदललेल्या जनुकाची एकच प्रत होती. म्हणजे केवळ दार बंद करण्याने काम होत नाही; नव्या प्रतिकारपेशींनी जुन्या पेशी शोधून शोधून मारल्या, हेही तितकंच महत्त्वाचं दिसतं. प्रत्यारोपण न करता हे घडवता येईल का, या प्रश्नावर आज अनेक प्रयोगशाळा काम करत आहेत.

ब्राउन २०२० मध्ये गेला, कर्करोग परत आल्यामुळे. एचआयव्ही शेवटपर्यंत परतला नव्हता.

“रोजची गोळी विकण्यातच कंपन्यांचा फायदा आहे”

औषध कंपन्यांवर माझा आंधळा विश्वास नाही. २००० च्या आसपास वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरहून जास्त लागत होते आणि ती परवडत नाहीत म्हणून लाखो माणसं मेली. तो राग मी विसरलेले नाही, कुणी विसरूही नये. पण राग खरा असला म्हणून त्यावर रचलेली गोष्ट खरी ठरत नाही.

हिपॅटायटिस सीचं उदाहरण घ्या. तोही रक्तातून पसरणारा, वर्षानुवर्षं शरीरात राहणारा विषाणू. २०१३ च्या अखेरीस गिलियाड कंपनीने सोफोसबुव्हिर बाजारात आणलं. साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांत बहुतेक रुग्ण कायमचे बरे होऊ लागले. हीच कंपनी एचआयव्हीची रोजची औषधंही विकते. तिने इलाज दडवला नाही. उलट अमेरिकेत एका रुग्णाच्या कोर्सला ८४,००० डॉलर लावून विकला. रुग्ण बरे होत गेले तशी २०१५ नंतर त्या औषधाची विक्री उतरत गेली हेही खरं. पण धडा स्पष्ट आहे : एखाद्या कंपनीच्या हाती एचआयव्हीचा इलाज लागला तर भीती ती तो पुरून ठेवेल याची नाही, अवाच्या सवा किंमत लावेल याची आहे. त्यासाठी आत्तापासून भांडायला हवं. ‘दडवलाय’ म्हणत बसलो तर ते खरं भांडण बाजूलाच पडेल.

आणि इलाजाचं संशोधन कंपन्यांच्या मुठीत नाही. त्यातला बहुतेक पैसा सरकारी आहे, त्यातही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा वाटा मोठा. तिथे २०११ मध्ये विद्यापीठांचे जे गट उभे राहिले त्यांना मार्टिन डिलेनी यांचं नाव दिलं आहे. डिलेनी हे ना शास्त्रज्ञ ना कारखानदार. औषधं लवकर मिळावीत म्हणून सरकारशी भांडलेले कार्यकर्ते. एवढ्या देशांतली विद्यापीठं, रुग्णांच्या संघटना आणि एकमेकांशी स्पर्धा करणारे शास्त्रज्ञ मिळून गुपित राखतात, हे मानायला मी तयार नाही. १९८३ मध्ये हा विषाणू शोधणाऱ्या फ्रान्स्वाज बारे-सिनूसी यांनी नोबेल मिळाल्यावर निवांत बसायचं सोडून इलाजाच्या संशोधनासाठी जागतिक आराखडा बनवायला घेतला. दडवायचंच असतं तर हा खटाटोप कशाला?

शिवाय आजची स्थिती अशी की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जेनेरिक गोळ्यांचा वर्षाचा खर्च पन्नास डॉलरच्याही खाली आला आहे.

“इलाज शोधण्यात रुग्णांच्या औषधपाण्याचा पैसा उधळला जातोय”

मेसेजमधलं हे एकच वाक्य मला विचार करायला लावणारं वाटलं. मर्यादित पैशात शोधावर किती आणि सेवेवर किती, हा प्रश्न रास्त आहे. पण आकडे पाहिले की त्याची धार बोथट होते. २०१८ मध्ये इलाजाच्या संशोधनावर जगभरात मिळून सुमारे ३२ कोटी डॉलर खर्च झाले. त्याच सुमारास गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत एचआयव्हीच्या एकूण कामावर वर्षाला सुमारे १,९०० कोटी डॉलर खर्च होत होते. शंभराला दोनही नाहीत. आणि तो पैसाही औषधांच्या डब्यातून काढलेला नाही. तो विज्ञानाच्या निधीतून येतो, तिथे त्याची स्पर्धा इतर संशोधनाशी असते.

दुसरं असं की शोध आणि सेवा ही दोन वेगळी घरं नाहीतच. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळच्या उम्लाझी वस्तीत २०१२ मध्ये ‘फ्रेश’ नावाचा अभ्यास सुरू झाला. संसर्ग झाल्या झाल्या, पहिल्या काही दिवसांतच, शरीरात काय घडतं ते पाहायचं होतं. त्यासाठी तरुण मुलींची आठवड्यातून दोनदा तपासणी लागणार होती. कोण येईल एवढ्यांदा? म्हणून अभ्यासाला जोडून जीवनकौशल्यांचे आणि नोकरीच्या तयारीचे वर्ग ठेवले. मुली वर्गाला येत, तपासणीही होई. ज्यांना संसर्ग झाला त्यांना जवळजवळ लगेच औषध सुरू झालं. त्याच गटातल्या २० जणींवर पुढे इलाजाची चाचणी झाली आणि निकाल २०२५ मध्ये जाहीर झाला : प्रतिपिंडं आणि प्रतिकारशक्ती जागवणारं एक औषध दिल्यावर सुमारे ३० टक्के जणी चाचणी संपेपर्यंत गोळ्यांशिवाय राहू शकल्या. बाकीच्यांना पुन्हा गोळ्या सुरू केल्या. प्रतिकारशक्ती जागवणारं ते औषध, व्हेसाटोलिमॉड, गोळ्या विकणाऱ्या गिलियाडचंच आहे.

या संशोधनाचे सगळेच हिशेब चोख आहेत असं मी म्हणणार नाही. इलाज लागू पडला का, हे कळायला शेवटी गोळ्या थांबवूनच पाहावं लागतं. देखरेख कडक असते, दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी रक्त तपासतात, ठरावीक मर्यादेवर विषाणू गेला की गोळ्या सुरू करतात. तरीसुद्धा अशा काळात जोडीदाराला संसर्ग झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. जोडीदाराने या चाचणीला होकार दिलेला नसतो. त्याला प्रतिबंधाची औषधं देणं ही अट असायला हवी, सौजन्य नव्हे. आणखी एक : जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि मुली आहेत, पण इलाजाच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं बहुसंख्य पुरुषच घेतले गेले. उम्लाझीची चाचणी फक्त स्त्रियांची होती म्हणून ती मला एवढी मोलाची वाटते. तक्रार करायचीच तर या गोष्टींची करा, मीही बरोबर येईन.

औषधपाण्याचा पैसा खरोखर कुठे गेला, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. अमेरिकेने परदेशी मदत एका झटक्यात थांबवली. अनेक देशांत दवाखाने बंद पडले, समुपदेशक आणि परिचारिकांना घरी पाठवलं गेलं, आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधनाचेही निधी कापले गेले. सेवेचा पैसा शोधाने खाल्ला नाही, एकाच कुऱ्हाडीने दोन्ही फांद्या तोडल्या. रक्त घेणारी परिचारिका तीच, नमुना तपासणारी प्रयोगशाळा तीच. एकाला घाव बसला की दुसऱ्याला बसतोच.

“जीन एडिटिंग आलंय, एका इंजेक्शनात विषाणू बाहेर”

कात्री आली आहे, हे खरं. क्रिस्परने डीएनए कापता येतो, आणि एचआयव्ही आपल्याच डीएनएमध्ये स्वतःला शिवून घेतो, म्हणून ही कल्पना सुचणं स्वाभाविक होतं. ईबीटी-१०१ नावाचं असं इंजेक्शन २०२२ पासून माणसांना देऊन पाहिलं गेलं. २०२४ मध्ये निकाल आला : मोठा अपाय दिसला नाही, पण ज्या तिघांनी गोळ्या थांबवल्या त्या तिघांचाही विषाणू परत आला. एकाचा जरा उशिरा, सोळा आठवड्यांनी.

अडचण कात्रीच्या धारेत नाही, पत्ता सापडण्यात आहे. गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या शरीरात पुन्हा पेटू शकेल असा विषाणू सीडी४ नावाच्या प्रतिकारपेशींपैकी निवांत पडलेल्या साधारण दहा लाखांतल्या एखादीत असतो. ती पेशी बाहेरून इतरांसारखीच दिसते. ती रक्तात असेल, लसिकाग्रंथीत, आतड्याच्या अस्तरात. विषाणू मेंदूतही लपतो. थोड्याशा पेशी निसटल्या तरी तेवढ्या पुरतात. २०२५ मध्ये मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी या निवांत पेशींच्या आत एमआरएनए, म्हणजे पेशीला सूचना देणारा रेणू, पोचवून लपलेला विषाणू जागा करून दाखवला. फार सुंदर काम आहे, पण ते प्रयोगशाळेतल्या पेशींवर झालं आहे. ‘जागा करा आणि मारा’ ही कल्पना याआधी माणसांत करून पाहिली तेव्हा विषाणू जागा झाला होता, लपलेला साठा मात्र कमी झाला नव्हता.

“गोळ्यांचं विष घेऊ नका, रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही म्हणजे बरे झालात”

या एका वाक्यासाठी मी बाकी सगळं लिहिलं. कारण हे वाक्य माणसं मारतं, आणि ते मेसेजमध्ये शेवटी, सहज बोलल्यासारखं टाकलेलं आहे.

हीच आशा एकदा मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही केली होती. १९९६ मध्ये तीन औषधं एकत्र देण्याचे निकाल आले आणि मरायला टेकलेली माणसं अंथरुणातून उठून बसली. रक्तातला विषाणू दिसेनासा झाला. १९९७ च्या मे महिन्यात एका नामांकित गटाने गणित मांडलं की विषाणू असाच दाबून ठेवला तर सव्वादोन ते तीन वर्षांत तो शरीरातून पूर्ण संपू शकेल. डॉक्टरांनी ते रुग्णांना सांगितलं, रुग्णांनी कॅलेंडरवर खुणा केल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलं की विषाणू झोपलेल्या पेशींत जिवंत आहे. रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने पुढे मोजलं : हा साठा निम्म्यावर यायलाच ४४ महिने लागतात. निव्वळ गोळ्यांनी तो संपवायचा तर सत्तर वर्षांहून जास्त. इलाजाचा शोध लावायला निघालेल्या माणसांनीच जन्मभर गोळ्या का लागतात ते शोधून काढलं. आज रुग्णाला ‘गोळी सोडू नका’ असं ठामपणे सांगता येतं ते या संशोधनाच्या बळावर.

तरी मधला एक काळ असा गेला की विश्रांती म्हणून गोळ्या अधूनमधून थांबवाव्यात, असं अनेकांना वाटलं. त्या वेळची औषधं खरोखर जाच करायची : गाल खप्पड व्हायचे, तळपाय जळजळायचे, रोज मूठभर गोळ्या. म्हणून ‘स्मार्ट’ नावाचा अभ्यास झाला, ३३ देशांतले ५,४७२ जण घेऊन. निम्म्यांना गोळ्या सलग, निम्म्यांना सीडी४ चांगल्या असतील तोवर सुट्टी. २००६ मध्ये तो अर्ध्यावर थांबवावा लागला. सुट्टी घेणाऱ्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचं प्रमाण अडीच पटींहून जास्त होतं. हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे आजारही त्यांच्यातच अधिक. ज्या अवयवांना गोळ्यांपासून वाचवायचं म्हणून सुट्टी दिली, तेच मोकाट विषाणूने पोखरले. २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ नावाच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली : निदान झाल्या झाल्या, प्रकृती ठणठणीत असताना गोळ्या सुरू केल्या तर गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून अधिक कमी होतात. आजच्या गोळ्याही त्या जुन्या नव्हेत. बहुतेकांना दिवसाला एकच लागते.

आता तो रिपोर्ट. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या, तपासणीत विषाणू दिसत नाही, याचा अर्थ रक्ताच्या एका थेंबात तो मोजण्याच्या मर्यादेखाली आहे. झोपलेल्या पेशी ही तपासणी पाहतच नाही. गोळ्या थांबवल्यावर बहुतेकांचा विषाणू दोन ते चार आठवड्यांत परत येतो. बँकॉकमध्ये संसर्गाच्या अगदी पहिल्या टप्प्यात, प्रतिपिंडं तयार होण्याआधीच उपचार सुरू झालेल्या आठ जणांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या थांबवून पाहिल्या. याहून लवकर उपचार मिळणं अवघड. आठही जणांचा विषाणू परत आला, साधारण २६ दिवसांत. आणि मिसिसिपीतलं ते बाळ आठवा. जन्मल्यावर तीस तासांत औषध सुरू झालं, दीडेक वर्षाचं असताना थांबलं, आणि त्यानंतर सत्तावीस महिने विषाणू कुठेच दिसला नाही. २०१३ मध्ये जगाने ते बाळ बरं झालं म्हणून साजरं केलं. जुलै २०१४ मध्ये कळलं की विषाणू परतला आहे. अत्यंत संवेदनशील तपासण्या करूनही तो सापडत नव्हता, तर नेहमीच्या तपासणीवर कुणी बरं झाल्याचं प्रमाणपत्र कसं देणार?

खोट्या इलाजाच्या पायी गोळ्या सोडायला लावल्याने काय होतं, हे गांबियाने पाहिलं आहे. २००७ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह यांनी आपण वनौषधींनी एड्स बरा करतो असं जाहीर केलं. रुग्णांना केंद्रात ठेवून त्यांच्या गोळ्या बंद केल्या. लोक मेले. त्यातून वाचलेल्यांनी २०१८ मध्ये त्यांच्यावर खटला भरला.

मेसेज लिहिणाऱ्याला त्या रिपोर्टमधली खरी बातमी मात्र दिसलीच नाही. ‘पार्टनर’ नावाच्या दोन मोठ्या अभ्यासांत, एक जोडीदार एचआयव्हीसह जगणारा आणि दुसरा नाही, अशा शेकडो जोडप्यांना वर्षानुवर्षं पाहिलं. कंडोम न वापरता संबंध हजारो वेळा आले. विषाणू दाबलेला असताना जोडीदाराला संसर्ग होण्याचं प्रमाण : शून्य. नियमित गोळी घेऊन विषाणू दाबलेला ठेवणाऱ्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. हे इलाजाइतकं मोठं नाही, पण मनातली अपराधाची भावना उतरवायला पुरेसं आहे, आणि ते आजच, गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला उपलब्ध आहे. जगात २०२४ च्या अखेरीस ४ कोटी ८ लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती आणि त्यातल्या ३ कोटी १६ लाखांना उपचार मिळत होते. उरलेल्या ९२ लाखांपर्यंत गोळी पोचलेली नव्हती. त्या वर्षात एड्सशी संबंधित आजारांनी ६ लाख ३० हजार माणसं गेली. ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ म्हणायचं तर या आकड्यांखाली म्हणा.

त्या चौथीशी फोनवर बरंच बोलणं झालं. हे सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, “म्हणजे माझ्या हयातीत काही होणार नाही?” मी सांगितलं की तारीख मी देणार नाही, १९९७ मध्ये दिली होती ती चुकली. पण इलाजाच्या बहुतेक चाचण्यांमध्ये प्रवेशाची अट काय असते ते वाचून दाखवलं : दीर्घकाळ नियमित उपचार, व्हायरल लोड दाबलेला, सीडी४ चांगल्या. तिने जरा वेळ विचार केला. मग विचारलं, “अकरा वर्षं चालतील ना त्यांना?”

मी म्हटलं, चालतील.